बदलेगा, बेटा!

भोपाळला बरखेड्यात आमच्या शेजारी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई राहत. त्या मोलकरणीला रागावल्या की चार क्वार्टरांत ऐकू जाई. पाळीला मात्र त्या 'ते दिवस' म्हणत, तेही कुजबुजून. एकदा निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत त्यांनी मुलींना पॅड वाटले, वर्तमानपत्रात गुंडाळून. मीही सोबत गेलो होतो. शाळेच्या संडासाला दार नव्हतं. एक मुलगी उठली.

"मॅडम, बदलें कहाँ?"

"बदलेगा, बेटा! समाज ज़रूर बदलेगा!"

टाळ्या पडल्या. मुलगी पुडकं धरून उभीच राहिली.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "किती जागरूक पोर!"

मी भडकलो. "वहिनी, पॅड कुठे बदलू, असं विचारत होती ती! दार नाही म्हणून पाळी आली की या मुली शाळा बुडवतात."

"हळू हो," बाई कुजबुजल्या, "ड्रायव्हर ऐकतोय!"