सुभेदाराची सुई

हे मी कुणाजवळच बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. यमाईपुढे हात जोडून उभी राहिले, तेव्हाही बाकी सगळं बोलले आणि हे तेवढं गिळलं. आज तुम्हाला सांगायला बसलेय, तर मध्येच अडखळेन — अडखळू द्या.

एका बोक्याची गोष्ट आहे. हसू आलं ना? येऊ दे. बोक्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं मीच स्वतःला किती वर्षं सांगत आलेय.

रहिमतपूरला माझं सासर. साठ सालानंतरची ती वर्षं. घरात आम्ही दोघंच — मी आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि आमचे हे लष्करात, पार पठाणकोटला. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांची सगळी नोकरी पलटणीतल्या घोड्या-खेचरांच्या दवाखान्यात गेली. हवालदार होऊन घरी आले. गावात कुणाची म्हैस अडली, बैल लंगडायला लागला, की माणसं आधी मामांचं दार वाजवायची. बोक्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, सुभेदार. म्हणायचे, "मला काय हुता आलं न्हाई. घरात कुणीतरी व्हावं की!"

मामांना मधुमेह होता. रोज इन्शुलिनची सुई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला, म्हणून ती सुई मीच द्यायची. काचेची पिचकारी उकळायची, बाटली ओल्या वाळूत गार ठेवायची, सगळं त्यांनी शिकवलं. लघवी तपासायलाही शिकवलं. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवट झालं तर थोडी, विटकरी लाल झालं तर फार.

अशात सुभेदार खंगायला लागला. म्हातारा झाला होताच. खायचा भरपूर, पण पाठीचं हाड दिसायला लागलं. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात मुतून ठेवायचा. त्या ओलीला मुंग्यांची रांग लागलेली मी पाहिली आणि मामांना सहज सांगितलं. कशाला सांगितलं? नसतं सांगितलं तर? मामा खाली बसले, बोक्याच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझाच रोग घेतलास व्हय रं, गड्या?"

साताऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारं जनावर आहे, सोडून द्या. मामा कुठले ऐकतात! घोड्यांना औषध मोजायची सवय. अंदाज बांधला आणि आपल्याच बाटलीतलं, पिचकारीवरच्या दोन रेघांइतकं औषध सुभेदाराला सुरू केलं. आणि खरं सांगायचं तर लागूही पडलं. अंगावर मांस आलं, मागच्या पायांत जोर आला, चुलीशेजारच्या ओट्यावर पुन्हा उडी मारायला लागला.

पण हे सगळं करत कोण होतं? मी. सकाळी मामांची सुई, मग बोक्याची. त्याच्यासाठी वेगळे मांसाचे तुकडे शिजवायचे. त्याचं मूत पत्र्याच्या ताटलीत धरायचं — धरून बघा कधी! फडकी धुवायची, भिजलेल्या वाकळा धुवायच्या. हातांवर ओरखडे. सुईची वेळ चुकायला नको म्हणून माहेरी वाईला राहायला जायचं नाही. जत्रेलासुद्धा सकाळी जाऊन सांजच्याला परत. लग्न होऊन चार वर्षं झालेली, आणि नवऱ्याबरोबर सलग महिना काढलेला नाही.

आणि मग ह्यांचा निरोप आला — घर मिळालंय, दोघं निघून या.

मला काय वाटलं असेल! पण मामा म्हणाले, "डोळ्याचं हुंदे, मग बघू." आणि म्हणाले, "सुभेदाराला एवढा लांबचा परवास झेपायचा न्हाई. त्यो हाय तवर मी हितंच." मामांना एकटं सोडून मी जाणार कशी? म्हणजे एक म्हातारा बोका माझ्या वाटेत बसला होता. असंच वाटायचं मला तेव्हा. त्याच्याकडे बघितलं की दात-ओठ खायची मी. तो मात्र पायाला अंग घासत यायचा.

मामांना एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला नेलं. त्यांचा पुतण्या बरोबर गेला. जाताना मामा मला एवढंच म्हणाले, "पोरी, त्याची सुई चुकवू नगंस."

पहिल्या दिवशी मी दिली. दुसऱ्या दिवशी पिचकारी उकळली — आणि ठेवून दिली. कंटाळा आला होता असं म्हणू का? नुसता कंटाळा नव्हता तो. नाही दिली तर काय होईल हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच नाही दिली.

मामा परत आले ते डोळ्यावर पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. आता तरी सुई सुरू करायची होती ना मी? करता आली असती. पण मामा शेजारी बसून कान देऊन ऐकायचे, तेव्हा मी पिचकारीत उकळलेलं पाणी भरायची आणि त्या बोक्याला टोचायची. नुसतं पाणी. डोळ्याला धक्का नको, या सबबीवर त्याला मामांच्या हाताशी येऊ द्यायची नाही. तो अंग चोरायचा, पण पळायचा नाही. मग नळी दिव्यावर धरायची. मामा विचारायचे, "रंग कसा हाय?" माझ्यासमोर नळीत वीट उकळल्यासारखा लाल रंग, आणि मी म्हणायची, "हिरवट हाय, मामा."

ते समाधानानं मान हलवायचे. मला त्या मानेचा राग यायचा — विचारतात कशाला रोज!

महिन्यानं पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा लावून मामांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर सुभेदाराला. नुसती हाडं. मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून खुरडत होता. मामांनी स्वतः नळी उकळली, रंग पाहिला. आता मला विचारतील, असं वाटलं. पण ते म्हणाले, "तुझी काय चूक न्हाई, पोरी. माझाच अंदाज चुकला. दोन रेघांनी त्याचं भागत न्हाई आता. उद्यापास्नं चार."

इथे बोलायचं होतं मला. एवढंच म्हणायचं होतं — मामा, त्याला महिनाभर सुईच नाही. लाथ मारली असती, घराबाहेर काढलं असतं, काय केलं असतं? काहीच केलं नसतं त्यांनी. मी ताकाला रवी लावली आणि घुसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आपल्या हातानं औषध भरलं. दिसायला लागलं होतं ना, त्याचा केवढा आनंद! भरता भरता विचारलं, "खाल्लंय का त्यानं?" खाल्लं नव्हतं. मांसाचे तुकडे वाटीत तसेच होते. उपाशीपोटी सुई घेतली की काय होतं, हे मी मामांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं — घाम, थरथर, मग शुद्ध नाही. आणि तरी मी म्हणाले, "व्हय."

सवयीनं म्हणाले का? की मनातून हवंच होतं? मी किती वर्षं हे उलटून-पालटून पाहतेय, आणि दर वेळी उत्तर एकच येतं. हवं होतं.

दुपारी जेवणं व्हायच्या आत सुभेदाराला झटके यायला लागले. मामांनी त्याला मांडीवर घेतलं, "गूळ आण, गूळ!" म्हणून ओरडले. मी धावले, गुळाचं पाणी केलं — तेव्हा मात्र खरंच धावले. मामा बोटानं त्याच्या हिरड्यांना लावत राहिले. त्याच्या मिटलेल्या दातांवरून ते पाणी मामांच्या धोतरावर ओघळत होतं. तो त्यांच्या मांडीवरच गेला.

"माझ्या हातानं मारलं गं त्याला," मामा म्हणाले. पलटणीतला माणूस, आवाज न करता रडले. मी शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चांगली सून ना मी!

पठाणकोटला मी गेले. मामा आले नाहीत. म्हणाले, "तू जा, तुझं नांदायचं वय हाय." सुई द्यायला पुतण्याची बायको यायची.

निघायच्या आदल्या दिवसाचं सांगते आणि थांबते. वरच्या आळीतला एकजण धावत आला. त्याची गाय दोन दिवस अडून पडली होती. "आवं हवालदार, चला लवकर!" मामा उठले, टोपी घेतली, चपलेत पाय घातला आणि उंबऱ्यातच थांबले. आपल्या हातांकडे पाहिलं. "न्हाई गड्या," म्हणाले, "साताऱ्याचा डॉक्टर आण. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई." तो माणूस हातापाया पडला. मामांनी टोपी काढून खुंटीला लावली. पुढं मरेपर्यंत त्यांनी कुणाच्या जनावराला हात लावला नाही.

मी तिथंच होते, ट्रंकेत माझी लुगडी भरत. सगळं ऐकत होते. लुगडी भरून झाली, तेव्हा झाकण लावलं आणि कुलूप घातलं.