बॉनेटवरची थाप

काका गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. वायरीशी तो कधी खोटं बोलत नाही आणि माणसांशी बहुतेक वेळा बोलतच नाही. गिऱ्हाईक आलं की तो गाडीकडेच बघतो, तिलाच काय होतंय ते विचारल्यासारखा. मालकाला विचारायचं राहूनच जातं.

अशा माणसाच्या बायकोच्या गाडीने एक दिवस बोंब ठोकायला सुरुवात केली.

काकू नर्स आहे. तिची ड्यूटी उजाडायच्या आत सुरू होते, म्हणून इमारतीखाली गाडी लावायची जागा तिला मिळाली होती. गाडीला चोरी रोखणारा अलार्म होता. लॉक केल्यावर कुठलंही दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं की सायरन. आता मात्र कोणी काही न उघडताच तो वाजू लागला. कोणाचा डोळा लागला की वाजे आणि पाहुणे आले की हमखास वाजे.

मग पहिल्या मजल्यावरून ड्रमवाले आजोबा खाली येत. जन्मभर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवून निवृत्त झालेले हे आजोबा इमारतीच्या कमिटीचे अध्यक्षही होते. चपला शोधून, जिना उतरून, बाही वर सारून ते गाडीपाशी पोचत आणि बॉनेटवर तळहाताने एकच थाप देत. सायरन बंद. खिडक्याखिडक्यांतून "वा!" येई. आजोबा मान किंचित झुकवून वर जात.

"हाताला काय गुण आहे!" तळमजल्यावरच्या आजी म्हणत. "नाहीतर आपला वायरिंगवाला. घरचीच गाडी ऐकत नाही त्याचं."

पण दाद कितीही मिळाली तरी आजोबांचे गुडघे बोलू लागले होते. शेवटी त्यांनीच ठराव मांडायचं ठरवलं: रविवारच्या मीटिंगपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर गाडी इमारतीबाहेर.

"अहो, बाहेर म्हणजे पार मैदानापलीकडे," काकू म्हणाली. "अंधारात एवढं चालत जायचं मी? मग तुम्हीच न्या मला खांद्यावर बसवून."

काका आपला खांदा चाचपून बघत राहिला.

शनिवारी त्याने तपासणीला हात घातला. अशा अलार्मची तपासणी करायची तर चोरी करावी लागते. ड्रायव्हरकडची काच खाली करायची, बाहेर उभं राहून रिमोटने लॉक करायचं, डॅशबोर्डवरचा लाल दिवा संथ लुकलुकू लागला, म्हणजे अलार्म जागा झाला, की काचेतून हात घालून आतल्या कडीने दार उघडायचं. वाजलं तर ते दार ठीक. मग पुढचं दार. काका आपल्याच बायकोची गाडी पुन्हा पुन्हा चोरत होता आणि मी शेजारी रिमोट धरून उभी होते.

रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला. आरडाओरडा करेल असं मला वाटलं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "असं नाही जमायचं. खांदा आत घाला आधी."

"आभारी आहे," काका म्हणाला आणि त्याने खांदा आत घातला.

दारं ठीक निघाली, डिकीही ठीक. बॉनेटखाली एक छोटं बटण असतं. बॉनेट बंद असलं की ते दाबलेलं राहतं आणि सुटलं की सायरन. त्या बटणाची पट्टी वाकली होती. बटण जेमतेम टेकत होतं, शेजारून ट्रक गेला तरी सुटत होतं.

"वरून काहीतरी सारखं आपटतंय," काका म्हणाला.

काकूने माझ्याकडे बघितलं, मी पहिल्या मजल्याकडे.

"पण थाप दिली की थांबतो ना तो?" मी विचारलं.

"तो आपोआप थांबतो. अर्ध्या मिनिटाने."

"आणि आजोबांना खाली यायला किती वेळ लागतो?"

काकाने जिन्याकडे बघून मनातल्या मनात चपला शोधल्या, पायऱ्या उतरल्या, बाही सारली. "तेवढाच," तो म्हणाला.

"मीटिंगमध्ये यातलं अक्षर काढू नका," काकू म्हणाली. "अध्यक्षांना सांगणार, तुमच्याच हाताने गाडी बिघडली म्हणून? उद्याच बाहेर काढतील. नवीन बटण बसवा आणि गप्प राहा."

"बसवतो. पण पहिल्यांदा झालं तशी रिमोटची बॅटरी संपली आणि तू किल्लीने दार उघडलंस, तरी तो वाजणारच. ते येणार, थाप देणार, बटण पुन्हा वाकणार." काकाने बॉनेट लावलं. "मी सांगत नाही. त्यांनाच दिसू दे."

रविवारी सगळे गाडीभोवती खुर्च्या टाकून बसले. काकाने काचेतून हात घालून दार उघडलं. सायरन सुटला. आजोबा बाही सारून पुढे झाले.

"थाप नको," काका ओरडला. "हात नुसता वर धरा!"

आजोबांनी हात वर धरला. सायरन कान फाडत होता. आजोबांच्या कपाळावर घाम आला, आणि काकूच्याही. मग सायरन आपोआप थांबला. हात अजून हवेतच होता.

"म्हणजे बघा," काका म्हणाला, "थापेचा आणि..."

"अगं बाई!" तळमजल्यावरच्या आजी उभ्याच राहिल्या. "आता तर हात न लावताच ऐकायला लागली!"

टाळ्या वाजल्या. आजोबा बराच वेळ आपला तळहात बघत राहिले. "मलाही हल्ली तसं जाणवत होतं," ते हळूच म्हणाले.

काका पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात काकूने त्याच्या पायावर पाय दिला आणि तिथेच ठेवला. ठराव मागे घेतला गेला. नवा ठराव झाला: गाडी इथेच राहील आणि बॉनेटला कोणीही हात लावायचा नाही, आता जोराची गरज उरलेली नाही. अनुमोदन काकूचं.

पुढे कित्येक महिने गाडी गप्प होती. त्याचंही श्रेय पहिल्या मजल्यावर गेलं. मग एका सकाळी रिमोटची बॅटरी संपली, काकूने किल्लीने दार उघडलं आणि सायरन सुटला. आजोबा आता जिनाही उतरले नाहीत. गॅलरीत आले, चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि तिथूनच हात वर केला.

मी काकाकडे बघितलं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता. एका मुठीत नवी बॅटरी होती. दुसरा हात खांद्याच्या वर गेला होता, तळवा गाडीकडे.

"काका?"

"मान अवघडली आहे," तो म्हणाला आणि सायरन थांबेपर्यंत त्याने हात खाली आणला नाही.