मिलिग्रॅमबाईंचं अक्षर

आमच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या. बावीस वर्षं वजनकाट्यावर बसल्या. त्यांना सगळे मिलिग्रॅमबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. काट्याच्या खोलीत शिरायचं म्हणजे पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. एकदा खुद्द मोठे साहेब आत डोकावले, तर बाईंनी मान वर न करता सांगितलं, "साहेब, श्वास बाहेर सोडून या." साहेब गेले गपचूप बाहेर. मी त्यांचा वरिष्ठ, पण त्या खोलीत माझंही काही चालत नसे.

त्यांच्यात खोड एकच, अक्षर. एवढं बारीक आणि गिचमीड, की जणू शाईही मोजूनमापून वापरताहेत. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करायचो. त्याच चेष्टेच्या आडोशाला मी पुढे लपलो, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

आमचं काम म्हणजे कारखान्यांकडून आलेली रसायनं माणसाला किती धोक्याची आहेत ते तपासणं. त्या वर्षी एक पांढरी पूड आली. पूड दिसायला निवांत असते, पण एखादी पूड हळूहळू हवेत उडत असते, वाफ होऊन. किती उडते ते कळलं, की तिची पोती भरणाऱ्यांना मास्क लागेल का, खोलीत हवा खेचणारा पंखा लागेल का, हे ठरवता येतं. त्यासाठी बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या डबीत पूड भरायची. डबीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक. डबी ठरावीक तापमानाला ठेवायची, भोवतालची हवा पंपानं ओढून घ्यायची, आणि रोज वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी वाफ त्या भोकातून गेली. पहिल्या दिवसाची घट आम्ही धरत नाही, ती पुडीतल्या ओलाव्याची समजतो.

दुसऱ्या दिवशी चांगली चार मिलिग्रॅम घट आली. तिसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य.

मी खूश. मनाशी म्हटलं, ओलावा जायला दोन दिवस लागले, बस्स, खरा आकडा हाच. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता आणि मोठ्या साहेबांचे दिवसाला तीन फोन येत होते. बाईंना त्या दिवशी थोरल्या भावाला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून त्या लवकर गेल्या. मी बैठकीत होतो. वही माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, रोजच्या सहीसाठी. आमच्याकडे प्रत्येक पानाखाली वरिष्ठाची सही लागते.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "भिंगातून पाहिलं. भोकात कण अडकला आहे. तिसरं वजन धरू नये. पुन्हा करावं लागेल."

मी ते वाचलं. वही दिव्याजवळ धरून, शब्दन् शब्द लावून वाचलं. पुन्हा करायचं म्हणजे आणखी चार दिवस. म्हटलं, बाईंना काय, दुधातही खडा दिसतो. सही ठोकली आणि अहवालात लिहून मोकळा झालो: वाफ नगण्य, मास्कची गरज नाही.

चार महिन्यांनी पत्र आलं. त्या कारखान्यात पोती भरणाऱ्या दोन बायकांचे डोळे जळजळत होते. एकीला डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं. खोलीतली हवा तपासली तर तीत आमची ती नगण्य वाफ भरपूर सापडली. पत्र वाचून मी आधी खोलीचं दार लावून घेतलं. खरं सांगतो, काळजी त्या बायकांची नव्हती. माझ्या खुर्चीची होती.

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. बाई म्हणाल्या, "मी लिहिलं होतं, साहेब. वहीत आहे."

साहेबांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा काढून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही वाचलं होतंत का हे?"

"अक्षर लागलं नाही, सर," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत होतो. साहेब म्हणाले, "बाई, असं लिहून काय उपयोग, जे कुणाला वाचता येत नाही?" दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली तळघरातल्या भांडारात झाली, बाटल्या आणि हातमोजे मोजायला.

मी घरी बायकोला सांगितलं, बाईंचं वय झालं, चुका व्हायला लागल्या. ती म्हणाली, "बाईंच्या? काहीतरीच काय." मी ताट बाजूला सरकवून उठलो.

वर्षभर मी भांडारात पाऊल टाकलं नाही. काही हवं असलं की शिपायाला पाठवायचो. पण वर येणाऱ्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर बदलत गेलं. मोठं, सुटं, एकेक काना सरळ. मला वाटायचं, मला टोमणा मारताहेत. राग यायचा. लाज वाटायला लागली की मला आधी रागच येतो.

त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा शेवटी खाली गेलो. टेबलावर दुरेघी वही होती, लहान मुलं गिरवतात तसली. पानंच्या पानं भरलेली. एकच वाक्य, शेकडो वेळा: भोकात कण अडकला आहे.

त्या ओशाळल्या. वही झाकत म्हणाल्या, "या वयात शिकतेय, साहेब. आता लागतं ना अक्षर?"

मी म्हणालो, "बाई, मला तेव्हाही लागलं होतं. मी सगळं वाचलं होतं."

मला वाटलं होतं, त्या मला फाडून खातील. तीच शिक्षा ठरवून आलो होतो. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईचा डोळा माझ्या अक्षरामुळे नाही बिघडला?"

"नाही."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि रडल्या, बराच वेळ. त्यांना हलकं वाटत होतं हे मला दिसत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. मी एका वाक्यात उतरवलेलं ओझं या बाईनं वर्षभर वाहिलं होतं, आणि शेकडो वेळा ते गिरवलं होतं.

मग त्यांनी डोळे पुसले, वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आत्ता मला सांगितलंत तेच. मोठ्या साहेबांना आणि त्या कारखान्याला द्यायचं."

मी लिहिलं. लवकर सुटायच्या घाईत ओळ रेघेवर राहीना. बाईंनी कागद उचलला, भिंग घेतलं, नीट पाहिला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "पुन्हा करावं लागेल."