कासव दिसेपर्यंत

होन थाव बेटावर थोआला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि हिवाळ्यात एकदा तरी तिच्यावर चिडला नाही असाही सापडायचा नाही. टेकाडावरच्या हवामान ठाण्यात ती तरुणपणी लागली ती तिथेच मुरली. पांढऱ्या जाळीदार पेटीतले तापमापक वाचायचे, पावसाचं पाणी मोजायचं, वारा कुठून येतोय ते पाहायचं, आणि समुद्राकडे तोंड करून किती लांबचं दिसतंय ते कळवायचं. तापमान-पावसाशी बेटाला काही देणंघेणं नव्हतं. लांबचं दिसण्यावर मात्र सगळ्यांचा जीव टांगलेला असे. बंदराच्या तोंडापुढे कासव नावाचा एक खडक आहे, आणि ठाण्यातून कासव दिसलं तरच बोट सुटते, इकडूनही आणि पलीकडच्या किनाऱ्यावरूनही.

आमच्याकडचा हिवाळा थंडीने छळतो तो सुरुवातीला. नववर्षाचा सण जवळ आला की दक्षिणेकडून उबदार, ओला वारा येतो, गार समुद्रावर बसतो आणि धुकं होऊन तिथेच मुक्काम ठोकतो. भिंतींना घाम फुटतो. फरशी इतकी ओली होते की म्हातारी माणसं भिंत धरून चालतात. काडेपेटी ओढून ओढून बोटं दुखतात आणि धुतलेले कपडे शेवटी अंगावरच वाळवावे लागतात. अशा दिवसांत लोक टेकाड चढून थोआकडे येत. कुणी सुके माकूळ आणी, कुणी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात.

"थोआताई, जरा नीट बघा ना. माझा कोबी सडतोय तिकडे धक्क्यावर."

"मग काय फुंकर मारून घालवू धुकं?"

"तसं नाही हो. पण तुम्ही मनावर घेतलंत तर..."

ती मनावर घेई ते एवढंच, की माकूळ परत करी. माणसं बडबडत खाली उतरत. वरच्या ऑफिसने मध्यंतरी एक कॅमेरा बसवला, पण धुक्यात त्याच्याच काचेवर थेंब जमत आणि तो बिचारा सगळ्यांच्या आधी आंधळा होई. तेव्हा पुन्हा थोआचे डोळे आणि थोआच्या नावाने बोटं मोडणं, दोन्ही चालूच राहिलं. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. धुकं हे धुकं आहे, त्यात रुसण्यासारखं काय, असं ती म्हणायची. स्वतःच्या घरावर बेतेपर्यंत असं म्हणणं सोपं असतं.

तिची एकुलती एक मुलगी लुआ बेटावरच्या शाळेत शिकवते. एकदा ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर तिने तो विषयच काढू दिला नाही. तिशी उलटली. शेजारणी थोआला विचारायच्या, "मुलीचं काही जमतंय का?" आणि उत्तराआधीच कीव करून मोकळ्या व्हायच्या. मग पलीकडच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हिएन तिच्या आयुष्यात आला. चाळिशीचा, बोलण्यात मंद, नखांत कायम ग्रीस. पण त्याच्याशी फोनवर बोलताना लुआ हसायची. स्वयंपाकघरातून ते हसणं ऐकताना थोआ हातातलं काम थांबवून उभी राहायची. लग्न वसंतातलं ठरलं होतं.

हिवाळ्यात हिएनच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि इस्पितळाने त्यांना घरी न्या म्हणून सांगितलं. हिएन थोरला मुलगा. वडील गेले की त्याला तीन वर्षांचं सुतक, आणि सुतकात लग्न नाही. आमच्याकडे यातून एकच वाट काढतात. मरण जाहीर होण्याआधी सून उंबरठ्याच्या आत आणायची आणि पूर्वजांपुढे वाकवायची. माणूस गेलेला असला तरी चालतं, फक्त तोवर घरात कुणी रडायचं नाही. रडणं ऐकू आलं की मरण जाहीर झालं. घाईघाईने दिवस ठरला. सकाळच्या बोटीने नवरदेव येणार, दुपारी नवरी घेऊन परतणार.

त्या दिवशी उजाडलं तेच पांढरं. थोआचा नवरा खांग अंगणात डुक्कर कापायला लागला होता आणि लुआच्या केसांत मावशी फुलं खोचत होती, तेवढ्यात फोन आला. हिएनची आई होती.

"विहीणबाई," ती अगदी हळू म्हणाली, "ह्यांनी पहाटे डोळे मिटले. बाहेर कुणाला सांगितलं नाही. आम्ही कुणीच रडलेलो नाही अजून."

थोआने विचारलं, "हिएन?"

"हिएन पानसुपारीची तबकं घेऊन बोटीत जाऊन बसलाय. तुम्ही बोट सोडा म्हणालात की निघेल. हवा अशी कोंदट, विहीणबाई, संध्याकाळच्या पुढे ह्यांना ठेवता नाही यायचं. तोवर आम्ही कळ काढतो."

थोआने लग्नासाठी काढलेला मखमली अंगरखा तसाच ठेवला, रेनकोट चढवला आणि ती टेकाड चढली.

ठाण्यात तिच्या जोडीला वुओंग होता, तिच्याच वयाचा, बरीच वर्षं बरोबर काम केलेला. त्याला तिने सगळं सांगितलं. त्याने चहा करून दिला. खिडकीबाहेर धक्क्याचं टोक दिसत होतं, त्यापुढे काही नव्हतं. बंदरावरून फोन येई, "कासव?" ती म्हणे, "नाही." पेटीतले तापमापक ती पुन्हा पुन्हा वाचून आली. कोरडा आणि ओला, दोन्हींचा आकडा सारखाच. हवेत आणखी पाणी मावायला जागा नव्हती आणि वाऱ्याचं निशाण काठीला चिकटून पडलं होतं. इतक्या वर्षांचं शिकलेलं तिला एकच गोष्ट सांगत होतं, आणि ती तिला ऐकायची नव्हती.

टेकाडाच्या पायथ्याशीच घर होतं; अंगणातून खांग ओरडला, "दिसलं का गं?"

"दिसलं की सांगेन!"

"अगं, भात गार झाला! लोक विचारतायत मला!"

"मग दे त्यांना खायला! माझं डोकं नको खाऊ!"

मावशीने लुआला सुचवलं म्हणे की फोनवर चित्र दिसतं, त्यातच नमस्कार करून टाक. त्यावर खांगच्या म्हाताऱ्या आत्याने तिला झापलं, "मुलगी काय फोनच्या भोकातून पाठवणार आहेस सासरी?" सगळे हसले आणि हसून झाल्यावर कुणालाच कुणाकडे बघवेना. लुआ तशीच उठली, लाल पोशाखाचा घोळ हातात धरून टेकाड चढून वर आली आणि ठाण्यातल्या बाकावर बसली. चिखल तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता.  खिडकीकडे तिने पाहिलं नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

दुपार कलली तेव्हा थोआला कासव दिसलं. पाठीचा उंचवटा, डावीकडे मान, सगळं जागच्या जागी, फिकट पण स्पष्ट.

"वुओंग, दिसलं! लाव बंदराला फोन."

वुओंगने फोन उचलला आणि सवयीने तोही खिडकीशी आला. बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल ताई, तर मलाही दिसतं."

त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं, आणि म्हणूनच तिला शंका आली. तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही कासव तसंच होतं. उंचवटा, मान, सगळं. उभ्या आयुष्यात जे रोज पाहिलं ते बघायला तिला आता समुद्राची गरजच उरली नव्हती. तिने डोळे उघडले आणि कासवाच्या थोडं बाजूला नजर लावली, तर तिथे पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. बोटीत हिएन होता, आणि त्याच्याबरोबर बाजार करून परतणाऱ्या बायका, कडेवरची पोरं, सणाला घरी यायला आसुसलेली माणसं होती. तो खडक पाण्याखाली जितका पसरलाय तितका वर दिसत नाही, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"ठेव फोन," ती म्हणाली. "नाही दिसत."

"ताई, वाट तर बघू अजून."

"बघतेच आहे ना. दुसरं येतंय काय मला?"

ती त्याच्यावर खेकसली आणि लगेच तिला रडू फुटायला आलं. तिने ओठ दाबून धरले. पलीकडे घर भरून माणसं ओठ दाबून बसली होती, मग आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटलं. तिला स्वतःचा, समुद्राचा, त्या दगडाचा, सगळ्याचा राग आला. रस्ता असता तर ती मुलीला पाठीवर घेऊन चालत गेली असती. समोर पाणी होतं आणि पाण्यावर धुकं होतं, आणि तिचं काम होतं बघत बसणं. तिच्याइतकं ते कुणाला येत नव्हतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

उजेड मावळायला लागला तेव्हा हिएनच्या आईचा फोन आला. आवाज सकाळपेक्षाही हळू होता.

"विहीणबाई, शवपेटी आणलीये. माणसं दाराशी थांबलीयेत. मी बंदराला विचारत नाही, हिएनलाही नाही. तुम्हालाच विचारते. दिसतंय का?"

थोआने खिडकीबाहेर पाहिलं. आता धक्क्याचं टोकही गेलं होतं. हो म्हटलं तर ती बाई आणखी थोडा वेळ कळ काढेल, हे तिला कळत होतं. नाही म्हटलं तर काय होईल, हेही कळत होतं.

"नाही," ती म्हणाली.

 पलीकडे त्या बाईने नवऱ्याला एक हाक मारली, आणि ती हाक वाढत वाढत तिचा टाहो झाला. तिच्यामागे आणखी एक आवाज फुटला, मग आणखी, आणि दिवसभर दाबून धरलेलं अख्खं घर एकदम रडायला लागलं. 

लुआ बाकावरून उठली. तिने आईच्या हातून फोन घेतला, कानाला लावला आणि कितीतरी वेळ ते रडणं नुसतं ऐकत उभी राहिली. मग तिने हाक मारली, "आई."

थोआ तिच्या शेजारीच उभी होती. पण हाक तिला नव्हती.