अण्णा पॅनवर, वहिनी ऑर्थोवर

अंधेरीच्या आंबोली गावठाणातला हर्बर्ट रोझारिओ स्टेशनाजवळ फोटो स्टुडिओ चालवी. १९५४ सालापर्यंत त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. मग त्याच्या हाती पॅन फिल्म आली.

तोवर त्याच्या तिपाईवरच्या लाकडी कॅमेऱ्यात ऑर्थो जात असे. पोस्टकार्डाहून जरा मोठी, सुटी फिल्म. एका वेळी एकच. ऑर्थोला तांबडा रंग दिसत नाही. म्हणून ती लाल दिव्यात आरामात धुता येते, आणि म्हणूनच तांबूस-सावळी सगळी अंधेरी तिच्यावर कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी उमटे. पॅनला सगळे रंग दिसतात. ती मिट्ट काळोखात चाचपडत धुवावी लागते, पण माणूस उजळ निघतो.

हर्बर्ट घाईचा नव्हता. त्याने तीन महिने तुलना केली. बायकोला, पर्पेच्युआला, एकाच खुर्चीत, एकाच उजेडात बावीस वेळा बसवलं. अकरा ऑर्थो, अकरा पॅन. मांडीत कधी टोमॅटो, कधी जास्वंद, कधी लिंबं. सगळं वहीत टिपलं. टोमॅटो: ऑर्थोवर काळा, पॅनवर फिका. बायको: दोन्हींवर रागावलेली. निकाल पॅनच्या बाजूने लागला.

पॅनचा पहिला मान अण्णा खांडेपारकरांना मिळाला. अण्णा नुकतेच निवृत्त झालेले हेडक्लार्क. ऑफिसातल्या निरोपसमारंभाचा फोटो ऑर्थोवरचा होता. त्यात अण्णांना ओळखायला टोपीचा आधार घ्यावा लागे. आता रविवारी त्यांची साठीशांत होती, ऐंशी पानं उठायची होती, आणि जोडीचा फोटो पाहुण्यांसमोर मांडायचा होता. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई लग्नानंतर एकदाही कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या. त्यांना तयार करायला अण्णांना पंधरा दिवस लागले.

शुक्रवारी दोघं फोटो न्यायला आली. अण्णा एखाद्या बड्या साहेबासारखे गोरे आले होते. ते झकास म्हणाले, चष्मा पुसून पुन्हा झकास म्हणाले. रुक्मिणीबाईंनी फोटो दाराच्या उजेडात नेला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारलं, “हे शेजारी बसलेत, आणि मी विधवा कोणाची?”

हर्बर्टने भिंग घेतलं. कपाळ स्वच्छ होतं. रुपयाएवढं लालभडक कुंकू पॅनने त्वचेच्या रंगात साफ मिसळून टाकलं होतं. ऑर्थोवर ते आपोआप ठसठशीत काळं उमटायचं, म्हणून ते मुद्दाम बघायचं असतं हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि बावीस फोटोंत मिळून पर्पेच्युआच्या कपाळावर टिकलीएवढंही काही नव्हतं. ते तिच्या घराण्यातच नव्हतं.

त्याने ब्रशने शाईचा ठिपका देतो म्हटलं. परक्या पुरुषाच्या हातचं कुंकू रुक्मिणीबाईंना चालेना. मग मी देतो, असं अण्णा म्हणाले, तर शाईचं कुंकू खोटं ठरलं. कुंकवाच्या जागी काजळ लावून नव्याने बसा म्हटल्यावर रुक्मिणीबाईंनी हर्बर्टकडे असं पाहिलं की त्याने ब्रशही आत नेऊन ठेवला.

“तो जुना काळा करणारा फोटो काढ,” त्या म्हणाल्या. “मी काळी आले तरी चालेल. हे जिवंत दिसले पाहिजेत.”

अण्णांना हे पटायला हवं होतं. पण ते हातातल्या गोऱ्या अण्णांकडे पाहत होते.

“जिवंत तर मी ह्यातही आहे,” ते पुटपुटले.

“माझ्या कपाळाला विचारा.”

आता परवाच्या फोटोत एकतर सौभाग्य तरी येणार होतं, नाहीतर गोरेपण तरी. आतल्या खोलीतून पर्पेच्युआ बाहेर आली. बावीस बैठकांनंतर तिला या विषयातलं बरंच कळू लागलं होतं.

“अरे, दोघांना वेगळं बसव ना,” ती नवऱ्याला म्हणाली. “अण्णांना पॅन, बाईंना ऑर्थो. चौकट एकच कर.”

तसंच झालं. अडतीस वर्षांच्या संसारात एकत्र दिसण्यासाठी ती दोघं पहिल्यांदाच वेगवेगळी बसली. रविवारी दोन फोटो एका चौकटीत पाटावर मांडले गेले: डावीकडे लखलखीत अण्णा, उजवीकडे त्यांच्यापेक्षा चार छटा सावळ्या रुक्मिणीबाई, कपाळावर दुरून दिसेल असं कुंकू. प्रत्यक्षात गोऱ्या त्याच होत्या. पाहुण्यांतल्या एकानेही चकार शब्द काढला नाही. रुक्मिणीबाईंनी जाता-येता दोनदा कुंकू तेवढं तपासलं.

पुढे अंधेरीत जोडीचा फोटो तसाच काढायची रीत पडली. हर्बर्टच्या वहीत तुलनेचा शेवटचा निष्कर्ष आहे: नवरा पॅनवर, बायको ऑर्थोवर. खाली पर्पेच्युआच्या अक्षरात: टोमॅटो संपवले.