मागची खोली आणि वाकडी तागडी

आमच्या शाळेच्या मागे, पाण्याच्या हौदाला लागून एक खोली होती आणि ती मला मिळायला हवी होती. हे मी आजवर इतक्यांदा सांगितलं आहे की घरातली माणसं पहिल्याच वाक्याला उठून जातात. म्हणून आता लिहून काढते. वाचणारा मधेच उठला तरी मला दिसणार नाही.

शाळा नाशिकच्या पंचवटीतली. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथे सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होते. माझे आईवडील भाजीबाजारात पाटी लावायचे, आणि शाळा सुटली की मीही तिथेच बसायचे. पुढे शिकले, बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, ते कुणाच्या ओळखीवर नाही. शाळेसाठी परीक्षानळ्या आणायला रविवार कारंज्याच्या बाजारात गेले, की तिथला दुकानदार मला पाहून आधी देवाला हात जोडायचा आणि मग भाव सांगायचा. घासाघीस मला शिकावी लागली नाही.

खोलीत काय होतं? मोडकी बाकं, गणपतीच्या मखराचे खांब आणि आतडी हरवलेला मानवी शरीराचा पुतळा. अख्ख्या शाळेत विज्ञानाची म्हणावी अशी ती एकच मोठी वस्तू, आणि तीच कुलपात. मी मात्र विज्ञानाचं साहित्य कापडी पिशवीत घालून या वर्गातून त्या वर्गात फिरवायचे. काचेचं भांडं फुटलं की हेडमास्तर म्हणायचे, "बाई, जरा जपून."

आमचे हेडमास्तर सज्जन होते. कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. त्यांचा शब्द एकच, "बघू." खोलीच्या बाबतीत ते तीन वर्षं बघत होते.

मग मला संधी सापडली. शनिवारचा शेवटचा तास नीतिपाठाचा असायचा आणि तो कुणालाही नको असायचा. पंचवटीतल्या मुलांना सत्यवचन, पितृआज्ञा वगैरे पहाटेपासून देवळांच्या कर्ण्यावर ऐकू यायचं. शनिवारी दुपारी, पोटात भूक असताना, तेच पुन्हा ऐकायला कोण बसणार? शिक्षक गोष्ट सांगायचे, मुलं जांभया द्यायची, आणि शेवटी शिक्षकही.

मी हेडमास्तरांना गाठलं. "सर, शनिवारचा तास मी घेते."

त्यांनी चष्मा काढला. "मनापासून म्हणताय?"

"मागची खोली द्या."

"बाई, तासाचा आणि खोलीचा काय संबंध?"

"मेथीच्या जुडीचा आणि कोथिंबिरीच्या काडीचा काय संबंध असतो, सर? पण मागतातच ना?"

"अहो, ही शाळा आहे."

"म्हणून तर फुकट मागत नाही."

बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी ते म्हणाले, "असं करू. जानेवारीत तपासणीला साहेब येतील. त्यांनी तुमच्या तासाला चांगला शेरा दिला, तर खोली तुमची."

मी ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांसमोर, त्यांच्याच तोंडून, पुन्हा म्हणवून घेतलं. आमच्याकडे सौदा ठरला की लगेच थोडी रक्कम इसार म्हणून घेतात. हेडमास्तरांकडून इसार काय घेणार? त्याच क्षणी किल्ली मागायला हवी होती. असो.

आता तास. ज्या मुलांना खरं बोलण्याचा कंटाळा आला आहे त्यांना आधी खोटं करू द्यावं, असं मी ठरवलं. व्हरांड्यात बाजार भरवला. पट्टीला मधे भोक पाडून, दोन बाजूंना डब्याची झाकणं सुतळीने टांगून तागड्या केल्या. वजनाला गोदावरीतले गोटे, मालाला चिंचोके, आणि पैशांच्या जागी काडेपेट्यांचे छाप, जे तेव्हा प्रत्येक मुलाच्या खिशात असायचे. निम्मी मुलं विक्रेते, निम्मी गिऱ्हाइकं. विक्रेत्याने हवी तशी लबाडी करावी. गिऱ्हाइकाने पकडली तर विक्रेत्याचे छाप गेले. गिऱ्हाईक फसलं तर ते भिंतीपाशी, फसलेल्यांच्या रांगेत बसणार. नियम एकच होता: तास संपायच्या आत लबाडाने उभं राहून आपण काय केलं ते सगळ्यांना करून दाखवायचं. फसवायला परवानगी, लपवायला नाही.

तरफेचा धडा मी तीन वर्षं फळ्यावर शिकवत होते आणि मुलं तो पाठ करून विसरत होती. इथे दोन शनिवारांत एकूण एक पोराला कळलं की भोक बोटभर बाजूला पाडलं तर लांब बाजूच्या पारड्यात थोडा माल टाकूनही दांडी सरळ राहते. रिकामी तागडी कलंडू नये म्हणून आखूड बाजूच्या झाकणाखाली चिंच चिकटवायची, हे तर त्यांनी मला न विचारताच शोधलं. आणि असली तागडी पकडायची कशी? माल आणि वजन यांची पारडी बदलायची. बदललं की सगळं उघडं पडतं.

मग वाद व्हायचे. एका उपाध्यायांचा मुलगा म्हणाला, "बाई, जो फसतो त्याचीच चूक. त्याने नीट बघायला नको?"

भाजीवालीची एक मुलगी होती, तागडीत तिचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. ती फटकन म्हणाली, "तुला जेवायला बसवून कुणी अर्धीच पोळी वाढली, तर ती काय तुझी चूक का रं?"

असा नीतिपाठ कुठल्या पुस्तकात होता?

पुढे या मुलीची आईच शाळेत आली. पदर खोचलेला होता, त्यावरूनच मी ओळखलं की भांडायला आली आहे.

"ओ बाई, पोरीला काय शिकवलं तुम्ही? भर बाजारात माझ्या तागडीची पारडी बदलून बघती. गिऱ्हाइकासमोर!"

"मग? तागडी सरळ आहे ना तुमची?"

"सरळ हाय! पण पोटची पोर तपासती म्हणल्यावर गिऱ्हाइकाला काय वाटंल? शेजारीण लय हसती."

"शेजारणीची तपासली का तिनं?"

बाईने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तपासली. ती आता हसत नाय."

आम्ही दोघींनी आवाज चढवून भरपूर भांडून घेतलं, आणि शेवटी ठरलं की मुलीने तपासायचं ते बाजार भरायच्या आधी, आणि फक्त घरचंच. जाताना ती मला मुळ्याची जुडी देऊन गेली. अशा माणसांशी व्यवहार करायला बरं वाटतं.

जानेवारीत साहेब आले. सफारीतले, भारदस्त. सकाळी निफाडकडची एक शाळा करून आले होते आणि तिथल्या आग्रहाचं जेवण डोळ्यांवर दिसत होतं. हेडमास्तर त्यांना व्हरांड्यात घेऊन आले.

"इथे नीतिपाठ चालतो?" साहेबांनी विचारलं.

"बाजार चालतो, साहेब," मी म्हणाले. "गिऱ्हाईक व्हा."

हेडमास्तरांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. पण साहेबांना गंमत वाटली. मी त्यांना पाच छाप दिले. ते थेट त्या भाजीवालीच्या मुलीपुढे जाऊन बसले. त्या दिवशी तिने चिंचोक्यांऐवजी खरी बोरं आणली होती.

"कशी दिलीस?"

"दोन छापाला गोटाभर. खाऊन बघा, साहेब. गोड नाय लागली तर तोंडावर फेका माझ्या."

साहेबांनी एक खाल्लं. "एका छापाला दे."

"एका छापाला वास घ्या नुसता."

मुलं हसली. साहेबही हसले आणि दोन छाप दिले. पोरीने तागडी उचलली. बोरांचं पारडं चांगलं खाली गेलं.

"अगं, दांडी सरळ हवी," साहेब म्हणाले. "विज्ञान काय सांगतं?"

"विज्ञान राहू द्या, साहेब. माझी आई भाजी विकती, सरळ धरली तर घरात घ्यायची नाय. गिऱ्हाइकाला झुकतंच द्यायचं असतंय." आणि तिने वरून आणखी चार बोरं टाकली.

साहेब गहिवरले. हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "बघा! याला म्हणतात संस्कार. मी हे शेऱ्यात आवर्जून लिहिणार." आणि खिशातून पेन काढलं.

माझ्या डोळ्यांपुढे खोलीचं दार उघडलं. बाकं बाहेर, फळी ठोकलेली, फळीवर परीक्षानळ्या. पोरगी मात्र माझ्याकडे बघत होती. तास संपत आला होता आणि नियम तिला माहीत होता. हेडमास्तरांना तरफ कळत नव्हती, पण त्यांनी हा खेळ कितीतरी वेळा खिडकीतून पाहिला होता. त्यांनी साहेबांच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. मीही गप्पच होते. सौद्यात समोरचा आपल्या बाजूने बोलत असेल तर आपण बोलू नये, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण साहेब थांबले नाहीत. म्हणाले, "भाजीवाल्यांच्या मुलीकडून इतकी सचोटी! अपेक्षाच नव्हती."

माझं डोकं गरम व्हायला वेळ लागत नाही. घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

"का नव्हती?" मी विचारलं. साहेबांनी मान वर केली. मी मुलीकडे वळले. "ऊठ गं. दाखव साहेबांना."

ती उठली. "साहेब, तुम्ही फसले." तिने बोरं वजनाच्या पारड्यात ओतली, गोटा बोरांच्या पारड्यात ठेवला आणि तागडी उचलली. गोट्याचं पारडं धाडकन खाली गेलं आणि साहेबांची बोरं जी वर उडाली, ती हेडमास्तरांच्या पायाशी जाऊन पडली. "झुकतं दिलं की गिऱ्हाईक दांडीचं भोक कुठं हाय ते बघत नाय," तिने समजावून सांगितलं. "खूश होतंय."

उपाध्यायांचा मुलगा ओरडला, "साहेब, भिंतीपाशी!"

कुणी हसेना. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी तागडी हातात घेतली, उलटी केली, झाकणाखालच्या चिंचेला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग हळूच म्हणाले, "आमच्या कॉलनीत एक भाजीवाला येतो. किती वर्षं झाली, मला झुकतं देतोय."

"तरी मला वाटलंच," पोरगी म्हणाली.

साहेब उठले आणि खरोखर भिंतीपाशी जाऊन फसलेल्यांच्या रांगेत मांडी घालून बसले. एवढं हसू त्या व्हरांड्यात पुन्हा कधी झालं नाही. नंतर त्यांनी विक्रेता व्हायचा हट्ट धरला. त्यांनी तळहातात लपवलेला गोटा उपाध्यायांच्या मुलाने पहिल्याच फटक्यात पकडला. हिशेबाची दप्तरं, हजेरीपट, बाकीचे वर्ग, सगळं बघायचं राहून गेलं. हेडमास्तरांना याचा केवढा आनंद झाला!

शेरा सोमवारी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवण्यात आला. इतका चांगला शेरा आमच्या शाळेला कधी मिळाला नव्हता. एका तासात विज्ञान आणि नीती दोन्ही, असं लिहिलं होतं. माझा उल्लेख होता. आणि पुढे, हेडमास्तरांनी मुद्दाम सावकाश वाचलेलं वाक्य: हा उपक्रम खोलीवाचून, खर्चावाचून, मोकळ्या व्हरांड्यात चालतो हेच त्याचं वैशिष्ट्य असून, तो बंदिस्त जागेत नेऊ नये, इतर शाळांनीही अनुकरण करावे.

"अभिनंदन, बाई," हेडमास्तर म्हणाले.

"किल्ली?"

"अहो, पण शेराच म्हणतो…"

"शेरा चांगला आला तर खोली, एवढंच ठरलं होतं. शेऱ्यात काय असेल त्याचं ठरलं नव्हतं."

"साहेबांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?" आणि त्यांनी शेरा घडी घालून खिशात ठेवला.

मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शिपाईमामांनी ते पुढे अनेकांना सांगितलं.

पण शेऱ्यात व्हरांडा लिहिला होता, कोणता व्हरांडा ते लिहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी बाजार हेडमास्तरांच्या कचेरीपुढे भरवला. सगळी पोरं, सगळ्या तागड्या. विक्रेत्यांनी हाळी देऊन माल विकायचा, असा नवा नियम केला. ध्वनी हा धडा त्यांना होताच. भाजीवालीच्या मुलीचा आवाज तर रामकुंडापर्यंत जात असेल. हेडमास्तरांनी आधी खिडकी लावली, मग दार लावलं, मग मला बोलावलं.

"बाई, हे असं किती दिवस?"

"शेरा आहे, सर. अनुकरण करतोय."

महिन्याभरात ते टेकीला आले. म्हणाले, शनिवारपुरती खोली घ्या. मी आठवडाभर मागितली, शिवाय खिडकीला गज. ते म्हणाले, निम्मी घ्या, निम्म्यात बाकं राहू द्या. मी म्हणाले, बाकं राहतील, पण एकावर एक रचून, आणि पुतळा माझा. खूप घासाघीस झाली. शेवटी मखराला तेवढा एक कोपरा सुटला आणि बाकी खोली मला मिळाली. खेळ मात्र आम्ही व्हरांड्यातच खेळत राहिलो, कारण साहेबांचं म्हणणं तेवढं बरोबर होतं. बाजार बंद खोलीत भरत नाही.

मग तक्रार कसली, असं घरचे विचारतात. सांगते. काही वर्षांनी हेडमास्तर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं की प्रयोगशाळेची गरज ओळखून मी स्वतः पुढाकार घेऊन बाईंना खोली दिली. निरोपाच्या कार्यक्रमात भांडू नये, म्हणतात. मी उभी राहिले.

"सर, दिली नाही. मी घेतली."

सगळे हसले. माणूस भला, तेही हसले, आणि माइकवर म्हणाले, "बरं, बाईंनी मागितली म्हणून दिली."

"मागितली नव्हती. ठरली होती."

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या, कुणीतरी सरांच्या हातात शाल-नारळ दिला आणि विषय संपला. त्यांच्यापुरता. ठरलेल्या मालाची मला दोनदा किंमत मोजावी लागली, एकदा शेऱ्याने आणि एकदा हाळीने, आणि बाजारात विकणाऱ्याने असं केलं तर त्याला काय म्हणतात ते पंचवटीतल्या कुठल्याही भाजीवालीला विचारा.