दोन C वाला डॉलर शेवटी सापडला, तोही मेल्विनला!

मंडळी, घरी आल्या आल्या टाइप करतेय!

जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवायचं माझं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. कार्सन सिटीच्या टांकसाळीतला डॉलर मात्र कित्येक वर्षं हुलकावणी देत होता. त्याच्या मागच्या बाजूला, गरुडाखाली, दोन बारीक C असतात.

आज हॅमिल्टनला कॉइन शो होता, जुन्या नाण्यांच्या विक्रीचे स्टॉलच स्टॉल. माझा नवरा मेल्विन आला, पण फक्त ड्राइव्ह करायला. नाण्यांचा त्याला भारी कंटाळा. मी वॉशरूमच्या लाइनमध्ये होते, तेवढ्यात त्याचा फोन.

"अगं, गरुडाखाली दोन C. हेच ना तुझं?"

"सोडू नकोस!" मी ओरडलेच.

धावत गेले. स्टॉलपाशी एक गोरे आजोबा तेच नाणं विकत घ्यायला हात पुढे करून उभे होते आणि मेल्विन म्हणत होता, "सॉरी सर, माय वाइफ इज कमिंग!" नाणं त्याने दोन बोटांत, फक्त कडेने धरलेलं, अगदी धरायला हवं तसं.

भिंगातून पाहिलं. अस्सल! लगेच घेतलं.

"तुला कसं कळलं रे?"

"रोज जेवताना दुसरं काय ऐकतो मी?"

आणि मला वाटायचं, हा ऐकतच नाही! तुमच्या घरी आहे का असं कुणी?